निसर्गवेडे व्यापारी हर्बर्ट फिप्सन



आपल्या भित्तिपत्रकावर प्रत्येक अंकात एका थोर माणसाचं चरित्र लागतं. शिवाजी महाराज, सावित्रीबाई, बाबासाहेब, गाडगेबाबा, तुकडोजी महाराज ही मोठी माणसं आपल्याला पाठ आहेत. या वेळी मी एका वेगळ्या माणसाबद्दल लिहिणार आहे. त्यांचं नाव आपल्या गावात बहुधा कोणाच्या कानावर गेलेलं नसेल. पण पक्षी, साप, फुलपाखरं आणि किडे यांचा अभ्यास करणाऱ्या लोकांत ते नाव आजही आदराने घेतलं जातं. ते नाव म्हणजे हर्बर्ट मसग्रेव्ह फिप्सन. त्यांचा जन्म १८५० सालचा आणि मृत्यू १९३६ सालचा. ते इंग्रज होते, मुंबईत व्यापार करत होते, आणि त्यांनी आपल्या दुकानातली जागा किड्या-पाखरांसाठी मोकळी करून दिली होती.

आधी थोडं भुंगेऱ्यांबद्दल सांगते, कारण माझी सुरुवात तिथूनच झाली. आपण पावसाळ्यात बाभळीवरचे सोनकिडे पकडतो, काड्याच्या पेटीत बाभळीच्या पाल्यावर ठेवतो, आणि त्यांनी अंडी घातली का ते रोज उघडून पाहतो. हा सोनकिडा म्हणजे भुंगेराच. काजवा भुंगेरा, शेणाचा गोळा ढकलत नेणारा शेणकिडाही भुंगेरा, आणि ज्वारीला पोखरणारा सोंडाही भुंगेरा. भुंगेरा ओळखायची खूण सोपी आहे. त्याच्या पाठीवर दोन टणक झाकणं असतात. उडायचं झालं की झाकणं उघडतात आणि खालचे पातळ पंख बाहेर येतात. जगात आजपर्यंत सुमारे ४ लाख प्रकारच्या भुंगेऱ्यांना शास्त्रज्ञांनी नावं दिलेली आहेत. इतके प्रकार दुसऱ्या कुठल्याच प्राण्यांच्या गटात नाहीत.

आता गंमत अशी की हे भुंगेरे गोळा करून त्यांची ओळख पटवणारे बरेचसे लोक नोकरीने शास्त्रज्ञ नव्हतेच. ते हौशी होते. इंग्लंडात लेस्टर नावाच्या गावी फ्रेडरिक बेट्स नावाचे गृहस्थ होते. त्यांचा धंदा बिअर बनवण्याचा, पण नाद भुंगेऱ्यांचा. त्यांचे भाऊ हेन्री बेट्स तर १८४८ साली दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या जंगलात गेले आणि ११ वर्षं तिथेच किडे गोळा करत राहिले. जॉर्ज लुइस नावाचे चहाचे व्यापारी जपानमध्ये भुंगेरे जमा करत होते. आणि चार्ल्स डार्विन तर शिकत असतानाच भुंगेऱ्यांच्या मागे वेडे झाले होते. एकदा त्यांच्या दोन्ही हातांत एकेक भुंगेरा होता आणि तिसरा नवीनच दिसला. सोडवेना, म्हणून त्यांनी हातातला एक चक्क तोंडात धरला. त्या किड्याने असं जळजळीत पाणी सोडलं की डार्विनना तो थुंकून टाकावा लागला, आणि तिसराही हातचा गेला! म्हणजे थोर माणसंसुद्धा आपल्यासारखीच फजिती करून घेतात.

हे सगळं वाचल्यावर मला वाटलं, दिवसा धंदा आणि सांज-सकाळ निसर्गाचा नाद, असा कोणी माणूस आपल्या महाराष्ट्रात होऊन गेला का? गुरुजींना विचारलं, पुस्तकं चाळली, आणि फिप्सन साहेब सापडले. त्यांचा खास ओढा भुंगेऱ्यांपेक्षा सापांकडे होता. पण त्यांच्यामुळे मुंबईत सगळ्याच जिवांना एक घर मिळालं, भुंगेऱ्यांनाही.

फिप्सन १८७८ साली मुंबईला आले. तेव्हा ते २८ वर्षांचे होते. मुंबईत फोर्ट भागात त्यांच्या फिप्सन आणि कंपनीचं दुकान होतं. मुंबई तेव्हा झपाट्याने वाढत होती. आपल्या वऱ्हाडातला कापूस आगगाडीने मुंबईला जाई आणि तिथून बोटीने विलायतेला. त्या काळी आपल्या जिल्ह्याला यवतमाळ जिल्हा म्हणत नव्हते, वणी जिल्हा म्हणत. यवतमाळ हे नाव १९०५ साली मिळालं. हे मी अशासाठी सांगते की तो काळ डोळ्यांपुढे यावा.

१८८३ साली १५ सप्टेंबरला मुंबईत ८ जण एकत्र जमले. भायखळ्याला व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट म्युझियम होतं, ज्याला आज डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतात, तिथे. प्रत्येकाला निसर्गाचा नाद होता. कोणी पक्षी पाहत होतं, कोणी फुलपाखरं जमवत होतं, कोणी झाडपाल्याचा अभ्यास करत होतं. त्यांनी ठरवलं की महिन्यातून एकदा भेटायचं, आपण काय पाहिलं ते एकमेकांना सांगायचं आणि काही नवीन सापडलं तर दाखवायला आणायचं. यातून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही संस्था उभी राहिली. या आठांत सहा इंग्रज साहेब होते आणि दोन आपले मराठी डॉक्टर होते. एक डॉ. आत्माराम पांडुरंग. मुंबईत १८६७ साली प्रार्थना समाज स्थापन झाला तो त्यांच्याच पुढाकाराने. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन. हे वनस्पतींचे मोठे जाणकार होते. हे दुसरं नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

या आठांत फिप्सन साहेबांचं नाव नाही. पण संस्था काढणं एक आणि ती चालवणं दुसरं. आपल्या गावात किती मंडळं निघतात आणि पुढच्या गणपतीपर्यंत टिकत नाहीत, ते आपण पाहतोच. संस्थेला बसायला जागा लागते, कपाट लागतं, आलेल्या पत्राला उत्तर देणारं कोणीतरी लागतं. आणि सभासदांनी आणलेल्या वस्तू ठेवायच्या कुठे? कोणी साप आणला बाटलीत, कोणी पक्षी आणला, कोणी खोकंभर किडे आणले. असल्या वस्तू घरात ठेवायला कोणाच्या घरचे तयार होतील?

तेव्हा फिप्सन पुढे आले. फोर्ब्स स्ट्रीटवर १८ नंबरला त्यांचं दुकान होतं. त्या दुकानातली जागा त्यांनी सोसायटीला देऊन टाकली. १८८४ च्या जानेवारीत सोसायटी तिथे राहायला गेली. पुढे १८८६ साली बिऱ्हाड अपोलो स्ट्रीटवर ६ नंबरला हललं. पुढच्या बाजूला व्यापाराचे हिशेब चालत आणि त्याच छपराखाली साप, पाखरं, फुलपाखरं आणि भुंगेरे नीट चिठ्ठ्या लावून ठेवलेले असत. १८८६ साली फिप्सन सोसायटीचे मानद चिटणीस झाले. मानद म्हणजे बिनपगारी. आणि हे बिनपगारी काम त्यांनी १९०६ सालापर्यंत, म्हणजे २० वर्षं केलं!

१८८६ सालीच सोसायटीचं नियतकालिक निघायला लागलं. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन आणि स्टर्नडेल या दोघांबरोबर फिप्सन यांनीही त्याचं संपादन केलं. एटकेन यांचा जन्म तर आपल्या साताऱ्याचा, आणि ते मिठाच्या आणि जकातीच्या खात्यात नोकरीला होते. म्हणजे हेसुद्धा हौशीच. त्या नियतकालिकात फिप्सन यांनी मुंबई इलाख्यातल्या विषारी सापांवर लेख लिहिला. आपल्याकडे आजही साप दिसला की लोक काठी शोधतात, मग तो धामण असो की नाग. कोणता साप विषारी आणि कोणता बिनविषारी, हे माणसाला कळलं तर माणूसही वाचतो आणि सापही वाचतो. फिप्सन हे काम सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी करत होते. सह्याद्रीत जमिनीखाली राहणारा एक लहानसा बिनविषारी साप आहे. त्याला मराठीत खापरखवल्या म्हणतात, कारण त्याची शेपटी तिरकी कापल्यासारखी, खापरासारखी खडबडीत असते. १८८८ साली त्याच्या एका जातीला फिप्सन यांचं नाव देण्यात आलं. माणसं मेल्यावर त्यांचे पुतळे उभे राहतात. फिप्सन यांचं नाव मात्र मातीत फिरणाऱ्या एका सापाला मिळालं, आणि तेही ते जिवंत असताना.

आता एक अवघड गोष्ट सांगायची आहे. मी ती लपवणार नाही. फिप्सन यांचा व्यापार विलायती दारूचा होता.

हे माझ्या मायला कळलं तेव्हा तिने लिहिणंच थांबवायला सांगितलं. आपल्या जिल्ह्यात दारूबंदी व्हावी म्हणून बाया मोर्चे काढतात. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. दारूने घरं कशी बसतात हे आम्हा मुलांना पुस्तकात वाचावं लागत नाही. मग दारूच्या व्यापाऱ्याचं चरित्र शाळेच्या भिंतीवर कशाला, असं मायचं म्हणणं. ते खोटं नाही. मी गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले की चरित्र लिहिताना माणूस जसा होता तसा लिहावा. चांगलं तेवढं ठेवून बाकीचं पुसलं, तर ते चरित्र राहत नाही, नुसती आरती होते. म्हणून मी दोन्ही लिहिलं आहे. त्यांच्या धंद्याचं कौतुक मी करत नाही. पण त्या दुकानातल्या खोलीत जे काम झालं, ते आपल्या सगळ्यांच्या उपयोगाचं झालं, हेही खरंच आहे.

मायला मी मग फिप्सन यांच्या बायकोची गोष्ट सांगितली. ती मात्र तिने हातातलं काम थांबवून ऐकली.

त्यांचं नाव एडिथ पिची. त्यांचा जन्म १८४५ सालचा. त्या काळी इंग्लंडातसुद्धा बायकांना डॉक्टर होऊ देत नव्हते. १८६९ साली एडिंबरो शहराच्या विद्यापीठात काही बायकांनी डॉक्टरकीला प्रवेश मिळवला. त्यांना पुढे एडिंबरोच्या सात म्हणून ओळखू लागले. एडिथबाई त्यांपैकी एक. रसायनशास्त्राच्या परीक्षेत त्यांना इतके चांगले गुण पडले की शिष्यवृत्ती त्यांनाच मिळायला पाहिजे होती. पण केवळ बाई म्हणून ती त्यांना दिली नाही. १८७० च्या नोव्हेंबरात या बायका परीक्षेला जात असताना पोरांच्या टोळक्याने दंगा केला, चिखल फेकला, फाटक लावून घेतलं. शेवटी एडिंबरोने त्यांना पदवी दिलीच नाही. मग एडिथबाईंनी स्वित्झर्लंडमध्ये बर्न इथे जाऊन परीक्षा दिली आणि आयर्लंडमध्ये डब्लिन इथे परवाना मिळवला. इतकी वणवण करून त्या डॉक्टर झाल्या.

१८८३ च्या डिसेंबरात, म्हणजे सोसायटी निघाल्यावर तीनच महिन्यांनी, त्या मुंबईला आल्या. आपल्याकडे तेव्हा बायका पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा दाखवत नसत. बाळंतपणात बायका मरत, पण दवाखान्यात जात नसत. म्हणून मुंबईत बायकांसाठी कामा हॉस्पिटल बांधलं गेलं, ते १८८६ साली सुरू झालं, आणि एडिथबाई तिथल्या मुख्य डॉक्टर झाल्या. त्यांनी नर्सेसना शिकवलं. बाई डॉक्टरलाही पुरुष डॉक्टराइतकाच पगार मिळाला पाहिजे म्हणून त्या भांडल्या. बालविवाहाच्या विरोधात त्या बोलल्या. मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर निवडून गेलेल्या त्या पहिल्या बाई होत्या. १८८९ साली त्यांनी फिप्सन यांच्याशी लग्न केलं आणि लग्नानंतरही आपलं काम चालू ठेवलं.

आता डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडे परत या. त्यांची सावत्र मुलगी म्हणजे रखमाबाई. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी लावून दिलं होतं. मोठं झाल्यावर त्यांनी त्या नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारलं. १८८४ साली नवऱ्याने खटला भरला. १८८७ साली कोर्टाने सांगितलं, एकतर नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. सगळ्या देशात या खटल्याची चर्चा झाली. शेवटी १८८८ साली तडजोड होऊन हे प्रकरण मिटलं. त्यानंतर रखमाबाईंनी डॉक्टर व्हायचं ठरवलं. त्यांच्या पाठीशी जे लोक उभे राहिले त्यांत डॉ. एडिथ पिची होत्या. १८८९ साली रखमाबाई शिकायला लंडनला गेल्या, डॉक्टर होऊन परत आल्या आणि सुरत, राजकोटला त्यांनी बायकांचे दवाखाने चालवले.

पाहा, कसा धागा जुळला! किडे-पाखरं पाहण्यासाठी जमलेल्या आठ माणसांत रखमाबाईंचे वडील होते. त्या संस्थेला जागा देणाऱ्या माणसाची बायको रखमाबाईंच्या मदतीला उभी राहिली. मायने हे ऐकलं आणि मला लिही म्हणाली.

नाशिकजवळ बायका आणि लेकरांसाठी पिची-फिप्सन नावाचं आरोग्यधाम होतं. आजारी, अशक्त बायकांना मोकळ्या हवेत राहता यावं म्हणून ते काढलं होतं. ते १९६४ सालापर्यंत चालू होतं. १९०५ च्या सुमारास नवराबायको इंग्लंडला परत गेले. तिथेही एडिथबाई स्वस्थ बसल्या नाहीत. बायकांना मताचा अधिकार मिळावा म्हणून १९०७ साली लंडनमध्ये चिखल-पावसात मोठा मोर्चा निघाला, त्यात त्या पुढे होत्या. १९०८ साली त्या वारल्या. त्यांच्या नावाने फिप्सन यांनी लंडनच्या बायकांच्या वैद्यकीय शाळेत शिष्यवृत्ती ठेवली. ज्या बाईची शिष्यवृत्ती हिरावून घेतली होती, तिच्याच नावाने १९४८ सालापर्यंत दुसऱ्या मुलींना शिष्यवृत्ती मिळत राहिली.

आता लहान वर्गातल्या मुलांसाठी विल्यमची गोष्ट सांगते. विल्यम हा कोणी साहेब नव्हता, तो धनेश पक्षी होता. मोठी वाकडी पिवळी चोच, आणि चोचीवर टोपी घातल्यासारखं शिंग. १८९४ साली कारवारहून त्याला पिल्लू असताना सोसायटीला भेट म्हणून पाठवलं. मग तो त्या कचेरीतच राहिला. चिटणीसांच्या खुर्चीमागेच त्याची जागा होती. फळं खायचा, उंदीर खायचा, विंचूही खायचा. वर फेकलेला घास चोचीत अचूक झेलायचा. येणारे लोक कामापेक्षा त्यालाच पाहायला जास्त येत असतील असं मला वाटतं. तो १९२० सालापर्यंत, म्हणजे २६ वर्षं जगला. आज त्या सोसायटीच्या मुंबईतल्या इमारतीचं नावच हॉर्नबिल हाऊस आहे, म्हणजे धनेशाचं घर. तिच्या चिन्हावरही धनेशच आहे.

फिप्सन यांच्या दुकानात १८८४ साली वॉल्टर मिलार्ड नावाचा एक २० वर्षांचा तरुण मदतनीस म्हणून आला. आला होता व्यापार शिकायला, पण मालकाचा नाद त्यालाही लागला. १९०६ साली फिप्सन यांच्यामागे मिलार्डच चिटणीस झाले. १९११ साली त्यांनी सगळ्या हिंदुस्थानातल्या सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली. आणि १९०८ साली मिलार्डसाहेबांच्या कचेरीत एक लहान मुलगा भीतभीत आला. त्याने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली होती. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता, आणि ही कुठली चिमणी हे त्याला जाणून घ्यायचं होतं. मिलार्डसाहेब त्याच्यावर खेकसले नाहीत. त्यांनी चिमणीचं नाव सांगितलं, आणि कपाटाचे खण उघडून पेंढा भरलेले कितीतरी पक्षी दाखवले. त्या मुलाचं नाव सालिम अली. ते पुढे भारताचे सगळ्यात मोठे पक्षीतज्ज्ञ झाले. त्यांनीही आधी काही वर्षं ब्रह्मदेशात घरच्या व्यापारात काम केलं होतं.

आता विचार करा. ते खण तिथे नसते तर? कोणीतरी २५ वर्षं ते पक्षी गोळा करून, सुकवून, चिठ्ठ्या लावून सांभाळले नसते, तर मिलार्डसाहेबांनी त्या मुलाला दाखवलं काय असतं? फिप्सन तोवर इंग्लंडला निघून गेले होते. त्यांची आणि त्या मुलाची भेट झाली नाही. पण त्यांनी दिलेल्या जागेतूनच ते सगळं वाढलं होतं. मुंबईचं मोठं वस्तुसंग्रहालय, जे १९२२ साली लोकांसाठी उघडलं आणि ज्याला आता छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतात, तिथला प्राण्यांचा विभागही या सोसायटीच्या मदतीने उभा राहिला.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. त्या काळी नमुने जमवायचे म्हणजे प्राणी मारायचे. वाघ, हरणं, पक्षी खूप मारले गेले. आज आपण तसं करू नये आणि कायदाही करू देत नाही. आपल्या जिल्ह्यात टिपेश्वर आणि पैनगंगा ही अभयारण्यं आहेत. तिथलं पाखरू काय, किडाही उचलायचा नाही. तसंच, रानातून हे नमुने आणून देणारे कितीतरी वाटाडे, शिकारी, आदिवासी आपलेच लोक असत. साहेबांची नावं छापून आली, त्यांची फारशी आली नाहीत. रानाची माहिती मात्र त्यांच्याचकडे होती.

आता आई-बाबांना वाटेल, किड्यांची नावं माहीत होऊन पोटाला काय मिळतं? याचं उत्तर आपल्याच वावरात आहे.

पहिला पाऊस पडला की संध्याकाळी कडुनिंबावर आणि बाभळीवर तपकिरी भुंगेरे गोळा होतात. त्यांची पोरं म्हणजे हुमणी. जमिनीत राहून ती पिकाची मुळं खाते. पीक वाळायला लागल्यावर आपल्याला कळतं, तेव्हा उशीर झालेला असतो. पण भुंगेरा ओळखता आला, तर त्याच दिवसांत रात्री झाड हलवून, खाली पडलेले भुंगेरे वेचून रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवता येतात. मात्र हे काम सगळ्या गावाने मिळून करावं लागतं. एकट्याने केलं तर शेजारच्या वावरातून पुन्हा येतात.

दुसरा भुंगेरा ढालकिडा. लाल पाठ, तिच्यावर काळे ठिपके, मुगाच्या डाळीएवढा. हा आणि याची काळपट, काटेरी दिसणारी अळी, दोघंही पराटीवरचा मावा खातात. हा आपला दोस्त आहे. पण त्याची अळी पाहून पुष्कळ लोक घाबरतात आणि तिला मारायला फवारा मारतात. म्हणजे मावा खाणारा आपणच मारतो आणि मग मावा वाढला म्हणून पुन्हा फवारतो.

२०१७ साली आपल्या जिल्ह्यात काय झालं ते मोठ्या माणसांना आठवत असेल. पराटीवर फवारणी करताना शेकडो शेतकऱ्यांना आणि मजुरांना विषबाधा झाली. कितीतरी जणांचा जीव गेला, काहींची नजर अधू झाली. त्याची कारणं पुष्कळ होती. पराटी डोक्याच्या वर गेली होती, दोन-तीन औषधं एकत्र मिसळली जात होती, तोंडाला फडकं नव्हतं, हातात मोजे नव्हते. नुसत्या किड्यांच्या ओळखीने ते सगळं टळलं असतं असं मी म्हणत नाही. पण प्रत्येक किडा वैरी नसतो हे घरात माहीत असलं, तर एखादी फवारणी तरी कमी होते. आणि जी फवारणी झालीच नाही, तिच्यातून कोणालाही विषबाधा होत नाही.

म्हणून फिप्सन यांच्याकडून मी जी गोष्ट घेतली ती ही. मोठी कामं नेहमी पैशाने किंवा पदवीने सुरू होतात असं नाही. कधी एका खोलीने, एका कपाटाने आणि नेमाने चिठ्ठी लिहिण्याने सुरू होतात. किड्याजवळ चिठ्ठी नसेल तर तो नुसता मेलेला किडा. चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहिल्या की तो पुरावा होतो. कुठे सापडला, कोणत्या तारखेला सापडला, कोणाला सापडला. भुंगेरा चांगला सुकवला तर शंभर वर्षंही टिकतो. त्याला टाचणी टोचायची तीही पाठीच्या उजव्या झाकणातून, मधोमध नाही. डबीत डांबराची गोळी ठेवायची, म्हणजे मुंग्या आणि दुसरे किडे लागत नाहीत.

आपल्या वर्गाने गुरुजींना विचारून एक गोष्ट ठरवली आहे. वर्गातल्या कपाटाचा खालचा कप्पा रिकामा आहे. तिथे आपण गावातले भुंगेरे ठेवणार आहोत. मात्र जिवंत किडा मारायचा नाही. पावसाळ्यात ग्रामपंचायतीसमोरच्या खांबावरच्या दिव्याखाली रोज सकाळी कितीतरी मेलेले भुंगेरे पडलेले असतात. तेच वेचायचे. हिंग्याला मात्र हात लावायचा नाही, त्याने अंगावर फोड येतात. काड्याच्या पेट्या घरून आणायच्या. चिठ्ठी सुवाच्य अक्षरात लिहायची.

आई-बाबांनो, तुम्हालाही एक विनंती आहे. या किड्यांची आपल्या गावातली नावं तुम्हाला आणि आजी-आजोबांना माहीत आहेत. पुस्तकात ती नाहीत. भित्तिपत्रकाच्या खाली दोरीला एक वही आणि पेन्सिल बांधली आहे. तुम्हाला आठवेल ते नाव, आणि तो किडा कोणत्या पिकावर, कोणत्या महिन्यात येतो, एवढं त्या वहीत लिहून जा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावं, आम्ही लिहून घेऊ. सांगणाऱ्याचं नाव आम्ही चिठ्ठीवर नक्की घालू.